चोवीसचा आटा

फोन स्पीकरवर होता, म्हणून पलीकडच्या बाईचं प्रत्येक वाक्य दोघी बहिणींनी ऐकलं.

"तुमच्या वॉकरचा पाय निघाला," ती म्हणाली. "माझी आई पडली. उजवं मनगट मोडलंय. ती शिवणकाम करते, कळतंय का तुम्हाला? उजवं मनगट!"

"पाय निघाला म्हणजे तुटला का?" थोरलीनं विचारलं.

"तुटला नाही, निघाला. बाटलीचं बूच निघावं तसा. आता तुम्ही काय ते बघा, नाहीतर मी बघते." तिनं फोन ठेवून दिला.

थोरलीच्या तोंडचं पाणी पळालं. धाकटी खिडकीपाशी चहाचा कप घेऊन उभी होती. तिनं कप कठड्यावर ठेवला आणि काही बोलली नाही. थोरलीला त्याचं काही वाटलं नाही. माणूस घाबरला की गप्प होतो, एवढंच तिच्या मनात आलं.

टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत त्यांचा कारखाना होता. खालून रबराचा वास यायचा आणि वरून मशीनची घरघर खाली जायची, त्यामुळे टायरवाल्याशी भांडायचा प्रश्न कधी आला नाही. आतल्या खोलीत प्लास्टिकच्या वस्तू थरावर थर चढवून बनवणारी मशीनं होती. ती सांभाळायला एक काका होते, त्यांना सगळे मशीनवाले काकाच म्हणत. बाहेरच्या खोलीत थोरलीचं टेबल. ती आधी एका मोठ्या कारखान्यात डिझाइन करायची. तिला शाळेपासून 'फुटपट्टी' म्हणायचे, आणि ते नाव तिला आवडायचं, हे आणखी वाईट. धाकटी गिऱ्हाइकं आणायची. दगडाला बोलतं करेल अशी तिची जीभ होती. दोघी मिळून ज्या वस्तू बाजारात मिळत नाहीत त्या करून द्यायच्या: कपाटांच्या मुठी, डब्यांची झाकणं, नळांच्या चाव्या आणि वॉकरचे वाढीव पाय. ज्यांचा एक पाय आखूड आहे किंवा ज्यांना उंच टेबलाशी उभं राहून काम करावं लागतं, त्यांच्यासाठी वॉकरच्या नळीत आतून आटे असलेला बुश बसवायचा आणि त्यात स्क्रूसारखा आट्यांचा जाड पाय फिरवायचा. हवा तेवढा खाली, हवा तेवढा वर.

थोरली चित्रं काढत नसे. ती लिहायची. तिच्या सॉफ्टवेअरमध्ये माउसनं रेघा ओढायचा प्रकारच नव्हता. वस्तू शब्दांत आणि आकड्यांत सांगायची, की ती पडद्यावर उभी राहायची. आट्यांसाठी तिनं एक वेगळी फाइल लिहिली होती. व्यास सांगा, लांबी सांगा, आटा बाहेरचा की आतला ते सांगा. बाकी सगळं फाइल करायची. प्रमाण मापांचा तक्ता तिनं त्यात भरून ठेवला होता: दहाच्या व्यासाला दीडची पिच, चोवीसला तीनची, म्हणजे एक फेरा फिरवला की पाय तीन मिलीमीटर सरकणार. साठ अंशांचा त्रिकोण घ्यायचा, त्याचं टोक छाटायचं, बुडाशी गोलाई द्यायची आणि तो त्रिकोण दांड्याभोवती गोल जिन्यासारखा चढवत न्यायचा.

फाइलच्या अगदी वर एक ओळ होती. तिचं नाव तिनं 'फट' ठेवलं होतं. बाहेरचा आटा आतल्यापेक्षा किती बारीक ठेवायचा, तो हा आकडा. पोलादाला केसाएवढी फट पुरते. थरांच्या प्लास्टिकला जास्त लागते, नाहीतर दोन्ही आटे एकमेकांना चावतात. बरेच तुकडे फुकट घालवून थोरलीनं हा आकडा ठरवला होता, शून्य पूर्णांक चार मिलीमीटर. एकदा तिथे लिहिला की कारखान्यातली प्रत्येक आट्याची वस्तू तिथूनच तो उचलायची. एका ठिकाणी सांगायचं आणि सगळीकडे ऐकलं जायचं. घरात असं कधी झालं नव्हतं, म्हणून तिला या फाइलचं फार कौतुक होतं.

फोननंतर ती सगळी सकाळ मापं घेत बसली. आधी पायाचा व्यास बघितला, मग बुशाचा. मग वजनाचं गणित पुन्हा मांडलं. माणूस वॉकरवर झुकला तर किती भार येतो, तो किती आट्यांवर वाटला जातो, सगळं परत केलं. गणित चोख होतं. एवढे आटे एकमेकांत असताना पाय उपटून येणं शक्यच नव्हतं.

"मी कुठेतरी शेण खाल्लंय," ती डोकं धरून म्हणाली. "कुठे ते सापडत नाहीये."

धाकटी म्हणाली, "इतकं मनाला लावून घेऊ नकोस, ताई."

शेवटी थोरली उठली. फळीवरचा नवा पाय आणि नवा बुश उचलला आणि हातानं फिरवायला लागली. पहिला फेरा गेला, दुसरा गेला. तिसऱ्याला पाय करकचला आणि थांबला. जोर केला तरी हलेना. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं, काय मस्त घट्ट बसलाय! आत मात्र दोनच आटे अडकलेले होते.

तिनं एक कपाटाची मूठ घेतली. तीही अडली. नळाची चावी अडली. वेगळ्या मापाच्या, वेगळ्या गिऱ्हाइकांच्या वस्तू, आणि सगळ्यांना एकच दुखणं. म्हणजे पायात काही बिघाड नव्हता. तिनं आट्यांची फाइल उघडली.

फट शून्य पूर्णांक एक होती.

तिनं आधी मशीनवाल्या काकांना हाक मारली. काका हात पुसत आले.

"काका, हे पाय अडताहेत हे तुम्हाला दिसलं नाही?"

"दिसलं की," काका म्हणाले. "मला वाटलं तुम्हीच मुद्दाम घट्ट केलंय. वॉकर आहे, सैल कसा चालेल? दोनेक पायांना तर मी पकडीनं पीळ दिला."

"आणि मला विचारलं नाहीत?"

"तुम्हाला विचारलं की तुम्ही चिडता," काका शांतपणे म्हणाले आणि आत गेले.

थोरली खुर्ची फिरवून धाकटीकडे बघत राहिली. या फाइलला हात लावू शकणारी माणसं जगात दोनच होती.

"तू बदललंस?"

धाकटीनं मान खाली घातली. "तो मलमाच्या डब्यांवाला आला होता ना, मागच्या महिन्यात. झाकण खुळखुळतं म्हणून डोकं खात होता. तू आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली होतीस. त्याला तेव्हाच्या तेव्हा नमुना हवा होता. मी फाइल उघडली, फट लिहिलेलं दिसलं, कमी केली. झाकण छान बसलं. मला वाटलं ते झाकणापुरतंच आहे."

"वर लिहिलंय ना, सगळ्या आट्यांसाठी!"

"ते इतक्या बारीक अक्षरात..."

"सगळी अक्षरं सारखीच असतात त्यात!" थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "एकच अक्षर मोठं आणि दुसरं बारीक असं नसतं तिथे! एक बाई पडलीये. हात मोडलाय तिचा. आणि सकाळपासून मी इथे वेड्यासारखी गणितं करत बसलेय. तू समोर उभी होतीस. फोन ऐकलास तेव्हाच तुला कळलं होतं."

"शंका आली होती."

"मग मूग गिळून का बसलीस?"

धाकटी खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मला वाटलं, तुझ्या गणितात दुसरंच काहीतरी सापडेल."

थोरलीला आधी कळलंच नाही. मग कळलं. आपल्या बहिणीला आपल्याच गणितात चूक निघायला हवी होती. ती समोर उभी राहून त्याची वाट बघत होती. आकडा बदलल्याचा राग वेगळा होता, ओरडून निघून गेला असता. हा राग ओरडूनही निघेना. तिनं हातातला पाय टेबलावर आपटला. त्याच्या आट्याचा एक तुकडा उडून भिंतीला लागला.

"आता काय करायचं?" धाकटीनं विचारलं. "मी काय म्हणते, आकडा पूर्ववत करू. त्यांना नवा पाय नेऊन देऊ. फळं वगैरे घेऊन जाऊ. गवगवा नको."

"आणि बाकीचे?"

"बाकीच्यांचं काही झालेलं नाही ना अजून."

"अजून!" थोरली उठून उभी राहिली. "अजून म्हणे! म्हणजे कुणाकुणाचे हात मोडताहेत ते बघत बसायचं आपण? तू माणूस आहेस की कोण आहेस?"

तिनं स्वतः फोन लावायला सुरुवात केली. ज्यांनी थेट त्यांच्याकडून पाय नेले होते त्यांना सांगणं सोपं होतं: वॉकर वापरू नका, भिंतीला लावून ठेवा, आम्ही येतो. कुणी घाबरलं, कुणी शिव्या दिल्या, एका आजींनी "बरं झालं बाई, मला तो आवडतच नव्हता" म्हणून आभार मानले. खरी अडचण निघाली ती दवाखान्याचं सामान विकणाऱ्या दुकानदाराची. बरेचसे पाय त्याच्या दुकानातून गेले होते. गिऱ्हाइकांचे पत्ते त्याच्याकडे होते, आणि तो ते देईना.

"अहो ताई, लोकांना कशाला घाबरवताय?" तो म्हणाला. "म्हातारी माणसं पडतच असतात."

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. "तुमची आई चालते का वॉकरवर?"

"आमची आई गेली हो."

"मग तुम्ही ज्यांना माझे पाय विकलेत त्यांची आई अजून आहे! पत्ते द्या, नाहीतर मी तुमच्या दारात खुर्ची टाकून बसते आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगते, इथून वॉकर घेऊ नका म्हणून. माझंच नाव घेऊन सांगते."

दुकानदारानं पत्ते दिले. शेवटी एवढंच म्हणाला, "तुमच्या बहिणीशी बोललं की बरं वाटतं, आणि तुमच्याशी बोललं की डोकं दुखतं."

दुपारी दोघी शिवणकामवाल्या बाईंकडे गेल्या. तळमजल्यावरची खोली, रस्त्याकडे मोठी खिडकी. खिडकीला लागून उंच टेबल, त्यावर अर्धवट कापलेलं निळं कापड, वर कात्री तशीच उघडी. बाई खुर्चीत बसल्या होत्या. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये, गळ्यात झोळी. वय साठीच्या पुढचं, पण डोळे असे की थोरलीला दारातच थांबावंसं वाटलं. फोन करणारी मुलगी मागे भिंतीला टेकून उभी होती. बसा म्हणून कुणीच म्हटलं नाही.

थोरलीनं बोलायला सुरुवात केली. पायाचे आटे कसे करतात, फट म्हणजे काय, ती कमी झाली की पाय दोन फेऱ्यांतच कसा अडकतो. तिला वाटत होतं, नीट समजावून सांगितलं तर बाईंना निदान कळेल तरी. बाई ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "मी पाय फिरवला. घट्ट झाला. घट्ट झालं म्हणजे बसलं, असंच वाटणार ना माणसाला?"

"हो, पण तो बसला नव्हता, कारण तो आकडा..."

"आकडा तुमचा. हात माझा." बाईंनी डावा हात टेबलाकडे केला. "ते निळं बघितलंत? मुलीच्या मुलीचं आहे. उद्या घालून स्टेजवर उभी राहणार होती ती. आता बाजारातून आणतील काहीतरी. मला पोरीनं विचारलं, आजी, तू कशी पडलीस? तिला काय सांगू? फट सांगू?"

थोरलीचे कान तापले. बोलायचं नव्हतं तेच तोंडातून गेलं.

"ही चूक माझी नाहीये. मी बरोबर लिहिलं होतं. हिनं बदललं. मला न विचारता."

धाकटीचा चेहरा पांढराफटक पडला. ती म्हणाली, "हो. मी बदललं."

बाईंनी दोघींकडे आळीपाळीनं बघितलं, आणि मग जो आवाज चढवला तो रस्त्यावर ऐकू गेला असेल.

"म्हणजे तू इथे मला बघायला नाही आलीस! तुझी बाजू मांडायला आलीस! मी काय न्यायाधीश आहे? बहिणीला धरून आणलंस माझ्यापुढे, आता मी काय करू हिचं? हिला मारून माझं हाड जुळणार आहे?" त्या थांबल्या, धाप लागली होती. मुलगी पुढे आली तर त्यांनी तिला डाव्या हातानं मागे सारलं. "जा तुम्ही. तो वॉकर पण घेऊन जा. मला तुमचं नवंजुनं काही नकोय."

दोघी वॉकर उचलून बाहेर पडल्या. एक पाय निघालेला, म्हणून तो सारखा एका बाजूला कलत होता. धाकटीनं तो धरला होता. दोघी बसथांब्याला आल्या. थांब्यावर दोन कॉलेजातल्या मुली आणि एक भाजीची पिशवी घेतलेला माणूस होता. त्यांच्यासमोरच तिनं वॉकर खाली आपटला.

"झालं समाधान? तुझं गणित बरोबर होतं, कळलं सगळ्यांना?"

"आवाज खाली ठेव."

"नाही ठेवणार! सकाळी मी गप्प बसले म्हणून मी कोण आहे विचारत होतीस ना? आता बोलते तर खाली ठेवू?" धाकटीच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण ती रडत नव्हती, भांडत होती. "मी चुकले. मी गप्प बसले ते तर जास्तच चुकले. मला माहीत आहे. पण मला सांग, त्या फाइलमधलं काही तू मला कधी समजावलंस? मी विचारलं नव्हतं? कारखाना सुरू केला तेव्हा शेजारी खुर्ची घेऊन बसले होते मी. ही ओळ काय करते, ताई? ती ओळ काय करते? तू काय म्हणालीस?"

थोरली बस येते का ते बघायला लागली.

"'तू गिऱ्हाइकं सांभाळ, हे तुझ्या डोक्यावरून जाईल.' असं म्हणालीस. मी ऐकलं. गिऱ्हाइकं सांभाळली. गिऱ्हाईक उरावर बसलं आणि तू नव्हतीस, तेव्हा मी अंधारात हात घातला. मला दिवा कुणी दाखवला होता?"

"म्हणून आकडा बदलायचा? फोन करता येत नव्हता?"

"केला असता तर तू ओरडली असतीस."

"ओरडले असते! आणि त्या बाईंचा हात शाबूत असता!" थोरलीही आता भान विसरली होती. "माझ्या ओरडण्याला एवढी काय घाबरतेस? मी काय खाते तुला? लहानपणापासून असंच! काही फोडलं की लपवायचं, काही सांडलं की पायपुसणं टाकायचं वर!"

"कारण तू फुटपट्टी घेऊन उभीच असतेस!"

भाजीवाला माणूस हळूच थांब्याच्या दुसऱ्या टोकाला सरकला. बस आली. दोघी चढल्या, वॉकर मध्ये धरून. वेगवेगळ्या सीटवर बसल्या आणि घरापर्यंत एकमेकींकडे बघितलं नाही.

घरी आईनं चेहरे बघितले आणि विचारलं, "काय झालं?" दोघी एकदमच म्हणाल्या, "काही नाही." आईनं दोन ताटं वाढली आणि दुसऱ्या खोलीत जाऊन टीव्हीचा आवाज मोठा केला. तिला मुलींची भांडणं पाठ होती.

दुसऱ्या दिवशी थोरली लवकर कारखान्यात गेली. राग उतरला नव्हता. बाईंचं एक वाक्य मात्र राहून राहून डोक्यात येत होतं. घट्ट झालं म्हणजे बसलं, असंच वाटणार ना? पाय कुठवर आत गेला पाहिजे, हे सांगणारी एकही खूण तिनं पायावर ठेवली नव्हती. तिला स्वतःला कळायचं म्हणून सगळ्या जगाला कळेल, असं ती धरून चालली होती. याचा तिला असा संताप आला की ओरडायला समोर कुणी नव्हतं म्हणून तिनं मशीनवाल्या काकांना चहा थंड आणल्याबद्दल झापलं. काका म्हणाले, "चहा मी आणलाच नाही, तो कालचा आहे."

मग ती लिहायला बसली. फटीची सगळ्यांना लागू होणारी ओळ तिनं काढूनच टाकली. आता प्रत्येक वस्तूला आपली फट स्वतः सांगावी लागणार होती. झाकणाची झाकणाला, पायाची पायाला. सांगितली नाही, किंवा प्लास्टिकला चालणार नाही इतकी कमी सांगितली, तर आटा तयारच होणार नाही, पडद्यावर लाल अक्षरांत कारण येईल. पायावर तिनं एक खोल खाच काढली. खाच दिसतेय तोवर पाय बसलेला नाही. खाच बुशात गेली, की बसला.

धाकटी आली तेव्हा ती तशीच लिहीत होती. धाकटी पिशवी ठेवून उभी राहिली.

"मी घरोघरी जाऊन पाय परत आणते," ती म्हणाली. "मलाच जायला हवं."

"जा."

ती दाराशी पोहोचली तेव्हा थोरलीनं मागून म्हटलं, "जायच्या आधी खुर्ची घे."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? बस. काय करते कुठली ओळ ते सांगते. एकदाच सांगणार नाही, पण दहादा पण सांगणार नाही."

शिकवणं काही गोडीगुलाबीनं झालं नाही. पिच आणि व्यास यांत धाकटीचा गोंधळ झाला की थोरली कपाळावर हात मारायची. धाकटी उठून जायची, परत येऊन बसायची. "हे साठ अंश कुणी ठरवले?" असं काहीतरी विचारायची आणि थोरली म्हणायची, "तुझ्या सासऱ्यांनी!" धाकटीचं लग्न झालेलं नव्हतं. पण ती शिकत होती. एकदा तिनं मुठीची फट चुकून कमी सांगितली, पडद्यावर लाल अक्षरं आली, आणि तिनं स्वतःच ती मोठ्यानं वाचली.

पाय परत आणायचं काम तिनं एकटीनं केलं. लोकांच्या दारात उभं राहून बोलणी खाल्ली. सगळ्यांना आधी हेच सांगितलं की चूक माझ्या हातून झाली, नाहीतर उगाच लोक ताईला फोन करतील. रोज संध्याकाळी पिशवीतून पाय काढून टेबलावर ठेवायची. थोरली ते मोजून काकांना वितळवायच्या पेटीत टाकायला द्यायची.

एकच पाय येईना. तो होता एका निवृत्त मुख्याध्यापकांकडे. धाकटी तीनदा गेली, तीनदा हात हलवत आली.

"ते म्हणतात, माझा वॉकर उत्तम आहे, तुम्ही तुमचा धंदा वाढवायला नवा गळ्यात मारताय."

"तू त्यांना गोड बोललीस ना?"

"बोलले. ते माझ्यापेक्षा गोड बोलतात."

मग थोरली गेली, धाकटीला बरोबर घेऊन. मुख्याध्यापक जिन्याच्या तोंडाशीच वॉकर धरून उभे होते, ताठ, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन.

"सर, वॉकर द्या," थोरली म्हणाली.

"नमस्कार म्हणायची पद्धत आहे."

"नमस्कार. वॉकर द्या. आधी जिन्यापासून लांब व्हा."

"मी रोज चालतो यावर. मला काही झालेलं नाही. तुमच्या या बहिणीला मी सविस्तर समजावलंय."

"तुम्ही खुर्चीत बसा!" थोरली इतक्या जोरात ओरडली की वरच्या मजल्यावरचं दार उघडलं. सर आयुष्यभर मुलांवर ओरडले होते, त्यांच्यावर कुणी ओरडलं नसावं. ते बसले. थोरली फरशीवर बसली, वॉकर आडवा केला, डावा पाय हातात धरला. "घट्ट आहे ना?"

"अतिशय."

तिनं पाय न फिरवता सरळ बाहेर ओढला, एक हिसका दिला. करकर आवाज झाला आणि पाय तिच्या हातात आला. दोन आटे खरवडून गेलेले, बाकीचे सगळे नव्यासारखे, कधी आत गेलेच नव्हते. तिनं तो सरांच्या मांडीवर ठेवला.

सरांनी पायाकडे बघितलं. जिन्याकडे बघितलं, परत पायाकडे. मग त्यांचा चेहरा लाल झाला.

"आणि हे मला आधी का नाही सांगितलं?"

"तीनदा येऊन गेले मी!" धाकटी किंचाळली. गिऱ्हाइकापुढे तिचा गोडपणा त्या दिवशी पहिल्यांदा संपला. "तीनदा! तुम्ही मला शुद्धलेखन शिकवत होतात!"

सरांना राग आला, थोरलीला राग आला, धाकटीला तर आलाच होता. तिघंही एकाच वेळी बोलत होते, आणि त्यातच थोरलीनं नवा पाय बसवला, खाच आत गेलेली दाखवली, उभं राहून वॉकरवर आपला सगळा भार टाकला.

शिवणकामवाल्या बाईंचा अंगठा प्लास्टर निघाल्यावरही पूर्ण मिटत नव्हता. कात्री धरता येईना. धाकटी त्यांच्याकडे जायला लागली होती. आधी दारातूनच हाकलली गेली. पुढच्या खेपेला बाईंनी तिला आत घेतलं, कारण कापड धरायला कुणीतरी हवंच होतं. आठवड्यातून दोन सकाळी ती उंच टेबलाशी उभी राहून बाई सांगतील तसं कापते, आणि बाई तिला सतत बोलतात: सरळ काप, खडूच्या रेघेवर काप, डोळे कुठे आहेत तुझे? तिची रेघ अजून वाकडीच जाते. थोरलीबद्दल बाईंनी कधी विचारलं नाही. एकदा थोरली धाकटीला बोलवायला दाराशी आली, तेव्हा बाईंनी मान वळवून खिडकीकडे केली आणि म्हणाल्या, "तिला सांग, उन्हात उभी राहू नको. आत नाही आली तरी चालेल, पण सावलीत उभी राहा म्हणावं."